गुलबहारच्या फळ्या

जळकोटचा मुनवर मिस्त्री बैलगाड्या करायचा. १९४३ साली तो सोलापूरहून रेल्वेनं मुंबईला गेला आणि शेजारच्या ईरण्णालाही सोबत घेऊन गेला. लढाईमुळं लोखंड मिळेना, म्हणून तिथल्या एका गोदीत लाकडी मालवाहू आगबोट बांधायचं चाललं होतं. मुनवरला फळ्या बसवायचं काम मिळालं.

पहिल्याच फळीला हात लावला आणि त्याला कळलं, लाकूड ओलं आहे.

"साहेब, हे सालभर तरी वाळू द्या. बॉयलरच्या उबेनं आकसंल."

मुकादम म्हणाला, "तोवर लढाई थांबणार आहे का? बसव."

त्यानं बसवल्या. फटींत कापूस आणि डांबर ठोकलं. बोटीला 'गुलबहार' नाव पडलं. ती पाण्यात उतरली तेव्हा दोघं तिच्यावरच कामाला लागले. मुनवर मिस्त्री म्हणून, ईरण्णा कोळसा टाकायला.

गुलबहार जेमतेम दहा महिने चालली. मंगळूरहून कौलं आणायची, मुंबईला उतरवायची. दर फेरीला फटी रुंदावत गेल्या. एका परतीच्या फेरीत रत्नागिरीजवळ भर दुपारी बॉयलरपाशी फळी सुटली. पाणी उपसायचा पंप वाफेवर चालायचा. आग विझली की तो बंद. मुनवरनं फटीत गोणपाट कोंबलं, डोईचा पटका कोंबला. पाणी थांबेना. कप्तानानं होड्या सोडायला लावल्या. मुनवर वर धावला, ईरण्णा मात्र खाली भट्टीत कोळसा टाकतच राहिला.

"ईरण्णा, वर ये!"

"तुमी उतरा आधी. पंप चालू ऱ्हाऊ दे."

मुनवरनं पुन्हा हाक मारली, तोवर बोट कलली. अकरा जण वाचले. ईरण्णा वर आला नाही.

मुनवर गावी परतला तो थेट ईरण्णाच्या आईकडं गेला. रुद्रम्मा ज्वारी निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"फळ्या कुणी बसवल्या व्हत्या?" तिनं विचारलं.

"म्याच, अव्वा. ओल्या हायत हे ठावं व्हतं."

"आन् त्याला आणाया खाली उतरलास?"

"न्हाय. भ्यालो."

तिनं ज्वारीचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "जा आता."

त्यानंतर तिनं त्याला कधी घरात बोलावलं नाही. वाटेत भेटली तर मात्र थांबायची, "पोरं बरी हायत का?" एवढं विचारायची. मुनवरला त्याचंच जास्त लागायचं.