पाच नावं

वाघोलीच्या पुढे पंपांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. बिबवेवाडीत एकटी राहते. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस धरते. कारखान्यातल्या प्रत्येकाचा पगार मला माहीत असल्यामुळे जेवणाच्या टेबलावर मी बसले की गप्पांचा विषय बदलतो. कुणी वाईट वागत नाही. भाजी छान झालीय म्हणतात, पाण्याचा जग पुढे करतात. पण मी उठल्यावर मागे हसणं सुरू होतं, ते जिन्यापर्यंत ऐकू येतं.

तीन वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने मला कामाच्या मूल्यमापनाची नवी पद्धत आखायला सांगितली. तोपर्यंत साहेबाच्या मर्जीवर वाढ मिळायची आणि त्यावर खूप ओरड होती. मी आखलेली पद्धत सोपी होती. प्रत्येकाने आपलं काम जवळून पाहिलेल्या पाच सहकाऱ्यांची नावं द्यायची. त्या पाचांनी कॉम्प्युटरवर दहा प्रश्नांना गुण द्यायचे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘सांगता येत नाही’ हा पर्याय होता, पण लोक सरळ तोच निवडून मोकळे होतील म्हणून मी त्याला शून्य गुण ठेवले. एका रविवारी घरीच बसून मी हे नियम लिहिले आणि स्वतःवर खूष झाले.

नावं देण्याच्या शेवटच्या दिवशी एक गृहस्थ माझ्या दारात येऊन उभे राहिले. पंचावन्नच्या आसपासचे, उन्हाळ्यातही अंगात स्वेटर.

“मॅडम, मला रोज मेसेज येतो. पाच नावं द्या म्हणून.”

“मग द्या ना.”

“पाच माणसं नाहीत.”

ते मापन खोलीत काम करायचे. कारखान्यातली मोजमापाची सगळी साधनं तिथे ठरावीक काळाने तपासली जातात. खोलीचं तापमान कायम एकसारखं ठेवावं लागतं, म्हणून दार बंद असतं. लोक भिंतीतल्या छोट्या खिडकीत साधन ठेवून जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चिकटवलेली तारखेची पट्टी पाहून उचलतात. आत कोण आहे ते बघण्याची कुणाला गरजच पडत नाही.

“एक नाव चालेल का?” त्यांनी विचारलं.

“सिस्टीम पाचापेक्षा कमी घेत नाही हो.”

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी त्यांचा फॉर्म भरून आला. मी तो उघडूनही पाहिला नाही.

महिन्याभराने सगळ्यांना पत्रं वाटली गेली. नंतर यादी चाळताना शेवटच्या ओळीत मला एक शून्य दिसलं. पाच माणसं, दहा प्रश्न, आणि पन्नासच्या पन्नास उत्तरं एकच: सांगता येत नाही. पत्रात ‘काम असमाधानकारक, वेतनवाढ नाही’ असं गेलं होतं. खाली सही माझी.

मी खाली गेले. त्यांनी दार उघडून मला चपला बाहेर काढायला सांगितल्या आणि बसायला स्टूल दिलं. आत चांगलीच थंडी होती. ‘सांगता येत नाही’ या उत्तराला मीच शून्य ठेवलं होतं, त्यामुळे हे झालं असं सांगून मी माफी मागितली.

“त्यांचं काय चुकलं? खरं तेच लिहिलं त्यांनी,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पाचही जणांनी?”

कुणी काय लिहिलं हे सांगायला मला मनाई होती. मी गप्प बसले, आणि त्यातूनच त्यांना कळलं.

“त्यातला एक सात वर्षं बसमध्ये माझ्या शेजारी बसतो,” ते म्हणाले. “त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही, मीही सांगितलं नाही. सकाळी झोपलेला असतो बिचारा.”

त्यांचं कुटुंब भंडाऱ्याकडे होतं. वाघोलीत एका खोलीत ते एकटेच राहायचे. दिवसभरात एकही शब्द न बोलता घरी गेलो असं कितीदा तरी होतं, हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

“तुम्ही कुणाची पाच नावं दिली?” त्यांनी सहज विचारलं.

“मला फॉर्म नाही. सिस्टीम मीच चालवते.”

“बरंय तुमचं,” ते म्हणाले. त्यांनी टोमणा मारला नव्हता, तरी मला तो लागला.

संचालकांनी आधी हात झटकले. “एका माणसासाठी नियम कसा बदलायचा?”

“नियम चुकीचा आहे, सर. आणि तो मी केलाय,” मी म्हणाले. तसं लिहूनही दिलं. आठवड्याने सुधारलेलं पत्र निघालं, त्यांची वाढ मिळाली, आणि पुढच्या वर्षापासून पाचाची अट गेली. ज्याला नावं सुचत नाहीत त्याच्या कामाशेजारी मी स्वतः अर्धा दिवस बसावं असं ठरलं. त्यांच्या खोलीत मी दोनदा बसले. ते फारसं बोलले नाहीत. एकदा मात्र एक मायक्रोमीटर माझ्या हातात ठेवून म्हणाले, “हळू फिरवा. जोर लावला की तो खोटं सांगतो.”

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी कंपनीच्या नागपूरच्या गोदामात बदली मागून घेतली. घर तिथून जवळ पडतं म्हणाले. जाण्याआधी सगळ्या विभागांच्या सह्यांचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले. शेवटची सही माझी असते.

“बाकी सगळ्यांच्या झाल्या?” मी विचारलं.

“झाल्या. स्टोअरमध्ये विचारलं, तुम्ही नवीन लागलात का?”

आम्ही दोघंही हसलो. मी सही केली. त्यांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली, नमस्कार केला, “येतो” म्हणाले आणि जिना उतरून गेले. जेवणाची वेळ झाली होती. मी डबा घेतला, पण त्या दिवशी टेबलावर गेले नाही.