मागच्या अंगणातलं शिसं

बॅटरीवाल्या काकूंचे यजमान गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या घरामागच्या अंगणात फोडत असत. ते गेले, दुकानही गेलं, शिसं मात्र मातीत राहिलं. माती तपासणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, की इथे रांगतं मूल सोडू नका. तेव्हापासून लेकीने नातीला आजीकडे आणणंच बंद केलं. पोर दिसेल ते तोंडात घालायची.

उपायही त्याच बाईंनी सुचवला. मोहरी आणि सूर्यफूल लावा, झाडं थोडं थोडं शिसं ओढून घेतात. फुलली की मुळासकट उपटून जाड पिशव्यांत भरा, घातक कचऱ्याच्या गाडीत द्या, पुन्हा पेरा. काम वर्षानुवर्षांचं, पण काकूंनी पदर खोचला. मोहरीच्या कोवळ्या पाल्यावर शेजारणीचा डोळा होता. तिला नाही म्हणता म्हणता त्या वाईट ठरल्या.

माडीवर राहणारे धाकटे दीर जन्मभर बागेत माळी होते. त्यांच्या हाताखालून वाळकं पानसुद्धा कधी कचऱ्यात गेलं नव्हतं, सगळ्याचं खत व्हायचं. काकूंनी त्यांना शिशाचं सगळं समजावलं, त्यावर ते म्हणाले, माती सगळं पचवते. लेक आजारी पडली म्हणून काकू तिच्याकडे गेल्या आणि झाडांना पाणी घालायचं त्यांच्यावर सोपवलं. परतल्या तर अंगण सपाट. झाडं विळ्याने बारीक चिरून मातीत गाडलेली, वर पाणी शिंपडलेलं.

"फेकून देणार होतात ना, वहिनी?" दीर खुशीत म्हणाले. "बघा आता कसं खत होतं ते."

म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. काकू पायरीवर बसल्या.

"भाऊजी, शिसं पचत नाही. तुमच्या भावाच्या रक्तात शिसं निघालं, तेव्हा तुम्हीच सोबत होतात ना?"

काकूंनी हातमोजे त्यांच्या पुढ्यात टाकले. दोघं चिखलातून पाला वेचू लागली. निम्मा हाती येई, निम्मा मातीत विरून जाई. दीर पुटपुटत होते, की मला काय ठाऊक. काकूंना त्यांना बोलायचाही कंटाळा आला होता.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. सुट्टीत येऊ का, म्हणाली.

"यंदा नको."

"अगं आई, अशाने ती मातीत खेळायच्या वयाची तरी राहील का?"

काकूंनी फोन ठेवला आणि दिरांना दुसरी पिशवी आणायला सांगितलं.