मामांची हिरवी खूण

मामा गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. फोन लॉकरमध्ये होता. सुपरवायझरने शिफ्ट अर्धी असतानाच घरी जा म्हटलं, आणि बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला... चाकणहून कुरुळीच्या रिक्षात बसल्यावर मनात आलं ते काय, तर आता माझं गणित कोण बघणार? महिना उलटला, तरी त्या विचाराची लाज वाटते.

मामा म्हणजे माझे सासरे. जन्मभर पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तयार माल मापून बघायचा, बरोबर असला तरच त्यावर हिरव्या मार्करने खूण करायची, हे त्यांचं काम. मी दहावीच्या गणितात दोनदा आपटी खाल्लेली. दहावी पास झाल्याशिवाय कंपनी कायम करणार नाही आणि कायम होणाऱ्यांची यादी याच वर्षी लागणार. त्यातून शिकवणारे सासरे! पहिले आठ दिवस मी नुसती पदर सावरत बसले. "पदर ऱ्हाऊ दे, पेन्सिल धर," ते शेवटी म्हणाले.

माझी खोड एकच. साडीवर वीस टक्के सूट आणि उरलेल्या किमतीवर आणखी दहा, असं आलं की मी सरळ तीस धरायची. बाजारातला दुकानदारही तीसच सांगतो की, म्हणून वर वादही घालायची. मामा चिडायचे नाहीत. आलेलं उत्तर परत गणितात घालून ताळा करायला लावायचे, आणि तो चुकला की माल माघारी म्हणून वही माझ्याकडे सरकवायचे. ताळा जुळला की वहीत हिरवी खूण तेच करायचे, मार्कर माझ्या हातात कधी दिला नाही.

"ज्यानं माल केला त्यानं खूण करायची न्हाई. दुसऱ्यानं बघायचा, असा नेम हाय."

गेले त्या सकाळी त्यांनी वहीत एक गणित लिहून ठेवलं. साडीला तशीच दोनदा सूट, गिऱ्हाइकाने चौदाशे चाळीस रुपये दिले, तर छापील किंमत काढ. संध्याकाळी बघू म्हणाले... दुपारीच छातीत कळ आली.

परवा पेपर आहे. काल धीर करून ते पान उघडलं. किंमत क्ष धरली. दोन हजार आले, ताळाही जुळला, तरी खात्री म्हणून वाटेना. खिडकीत मामांचा मार्कर होता, पण आपल्याच मालावर आपण खूण कशी करायची? शेवटी वही आत्यांपुढे, म्हणजे सासूबाईंपुढे, धरली. त्यांना क्ष कळत नाही, पण साड्या कळतात.

"दोन हजारातलं चारशे गेलं, सोळाशे. त्यातलं एकशेसाठ..." त्या बोटांवर मोजत थांबल्या. "व्हय. चौदाशे चाळीस. बरूबर हाय."

त्यांनीच उठून मार्कर आणला आणि खूण केली, जरा वाकडी. मग कितीतरी वेळ त्या खुणेवर हात ठेवून बसल्या. मला रडू आवरेना. मार्कर जागेवर ठेवायला मी हात पुढे केला, पण त्यांनी तो दिला नाही. आपल्या कमरेला खोचला आणि पुढचं गणित घे म्हणाल्या.