काठावरची ड्यूटी

मी अकरा वर्षं इन्फंट्रीत होतो. बाराव्या वर्षी उत्तरेकडच्या एका पोस्टवर गस्तीवरून परतताना बर्फावरून घसरलो आणि उजवा गुडघा गेला. शत्रू वगैरे कोणी नव्हता. बर्फ होता आणि माझी घाई होती. दोन ऑपरेशनं झाली. मेडिकल बोर्डानं लो कॅटेगरी दिली. पलटणीत राहून टेबल सांभाळा, नाहीतर शाखा बदला, असं सांगण्यात आलं. मी शाखा बदलली. आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रेशन, पेट्रोल आणि गाड्या.

कोर्स केला, पास झालो. काम आवडलं असं म्हणालो तर खोटं ठरेल. जुन्या पलटणीतलं कोणी भेटलं की विचारायचं, "काय मेजरसाहेब, साखर काय भाव?" मी हसायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी माझी गत होती.

त्या ऑगस्टमध्ये आमचा फ्लड रिलीफ कॉलम गडचिरोलीकडे निघाला. इन्फंट्रीची एक कंपनी, इंजिनिअर्सच्या दोन बोटी आणि माझे रेशनचे चार ट्रक. माझ्या ट्रकचा ड्रायव्हर होता नायक मिलिंद खोब्रागडे. वय एकतीस, गाव गोंडपिपरी तालुक्यात, नदीला लागून. मी चंद्रपूरचा असल्याचं कळल्यापासून तो माझ्याशी गावाकडचंच बोलायचा. इतर जवानांसमोर मात्र कडक हिंदी.

मूल गाव सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं पाणी होतं. धानाच्या बांध्या कुठे संपतात आणि नाला कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

"साहेब, रोवणा गेला सगडा," बुडालेल्या भातलावणीकडे बघत मिलिंद म्हणाला. "आमच्या घरचाबी गेला असन."

"फोन कर घरी."

"केलो ना. माय म्हणते, तू तुह्यं काम कर."

एटापल्लीच्या पुढे एका नदीनं पलीकडचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, तोडला होता. चाळीस-पंचेचाळीस माणसं, तीन दिवसांपासून अन्न नाही. आम्ही सकाळी सात वाजता काठावर पोहोचलो. प्रवाह इतका जोराचा होता की फक्त मोटरवर बोट नेणं शक्य नव्हतं. इंजिनिअर्सनी दोन्ही काठांवरच्या झाडांना दोर बांधला. बोटीच्या पुढच्या टोकाला एक जण बसून दोर हातात धरणार, मागे हवालदार मोटर चालवणार. दोर धरणारा पक्का हवा होता. मिलिंदनं हात वर केला. लहानपणी तो डोंग्यावर, लाकडी होडीवर, वाढला होता.

इन्फंट्रीचा कॅप्टन माझ्याच जुन्या रेजिमेंटचा होता, तरुण आणि चुणचुणीत. नदीवरचा हुकूम त्याचा होता. चहा पिताना तो म्हणाला, "सर, तुम्ही काठावरच थांबा. लोडिंग बघा. आणि आमच्यासाठी गरम पुऱ्या तयार ठेवा."

त्यात वाईट काही नव्हतं. लोडिंग हेच माझं काम होतं आणि पुऱ्यांची गोष्ट त्यानं गमतीत म्हटली होती. पण ती मला सुईसारखी टोचली.

आठ वीसला दुसरी फेरी तयार झाली. कॅप्टन वर रस्त्यावर वायरलेसपाशी गेला होता. बोटीत किती वजन चढवायचं हे मीच ठरवलं होतं. मी तांदळाचे तीन कट्टे खाली उतरवले आणि स्वतः चढलो. पलीकडे वाटप नीट होतंय का ते बघायचंय, असं हवालदाराला सांगितलं. पलीकडे वाटप करायला सुभेदार पहिल्या फेरीतच पोहोचला होता. हे मलाही ठाऊक होतं.

मिलिंदनं मागे वळून पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुमी कायले येता? पाय वाकत नाई तुमचा. बोट हालली त अडकन."

"समोर बघ."

"जी, साहेब."

नदीच्या मध्याच्या जरा पुढे पाण्याखालच्या झाडाला बोट धडकली आणि एका बाजूला कलली. हवालदार ओरडला, "वजन उजवीकडे!" सगळे सरकले. मला सरकता आलं नाही. गुडघा जिथे होता तिथेच अडला आणि मी पाण्यात पडलो. लाइफ जॅकेट होतं, पण प्रवाह मला त्या झाडाच्या फांद्यांखाली ओढत होता. मिलिंदनं दोर सोडला. पोटावर आडवा होऊन त्यानं माझी कॉलर धरली आणि मला बोटीच्या कडेवर ढकललं. त्याच झटक्यात बोट फिरली आणि तो पाण्यात गेला. फांद्यांच्या आत गेला. मी त्याचा हात पाहिला. पुन्हा दिसला नाही.

हवालदारानं बोट कशीबशी काठाला लावली. वायरलेसवर कॅप्टनचा आवाज होता.

"बोट टू, रिपोर्ट. ओव्हर."

"एक मिसिंग. ओव्हर," हवालदार म्हणाला.

"नाव सांगा. ओव्हर."

नाव मी सांगितलं. आठ चौतीस झाले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला, दीड किलोमीटर खाली, तो सापडला. तोवर पलीकडची सगळी माणसं सुखरूप बाहेर आली होती.

चौकशी झाली. मी वेळा बरोबर सांगितल्या, वजन बरोबर सांगितलं. बोट मर्यादेतच भरली होती. मी त्या बोटीत का होतो, हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. घरच्यांना पत्र गेलं, की मदतकार्यात बोट धडकून कर्तव्यावर असताना मृत्यू. त्यात खोटं काही नव्हतं. मला त्या चुप्पीची अजून लाज वाटते.

दोन वर्षांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पहिल्याच महिन्यात गोंडपिपरीकडे गेलो. मिलिंदची आई ओसरीवर मोहफुलं निवडत बसली होती. आत भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी त्याचा युनिफॉर्ममधला फोटो. "जय भीम, बाई," म्हणालो आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. काठावर थांबायचा हुकूम होता, गुडघा वाकत नव्हता, त्यानं आधीच बजावलं होतं, दोर त्यानं माझ्यासाठी सोडला.

तिचे हात थांबले.

"त्याच्या संगच्या पोट्ट्यानं मले येवढंच सांगतलं होतं, का दोर सुटला," ती म्हणाली. "नदीवरचं लेकरू माह्यं. त्याच्या बापानं त्याले पयले हेच शिकवलं, काही होवो, दोर सोडाचा नाई. मी रोज त्या फोटोले बोलत होती. काऊन सोडलास रे, काऊन सोडलास, म्हणून. दोन वर्सं झाले, त्यालेच बोलून राह्यली."

मी मान खाली घातली.

"आता त्याले नाई बोलणार," ती म्हणाली. "आता तुमाले बोलीन."

बोलते. मी दर ऑगस्टमध्ये ऐकायला जातो.