आज मी नाही, असं समजा

आपल्यावाचून कुणाचं काही अडू नये म्हणून जिवाचं रान करणारा साहेब मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे सर खोताच्या वाडीतले ख्रिस्ती. उंचेपुरे, आणि शर्टाच्या खिशात पेन्सिलींचं जंगल. गिरगावाखालून भुयारी रेल्वे खोदली जात होती तेव्हा वरची जुनी घरं सांभाळायला आमचा सहा जणांचा कक्ष होता, त्याचे ते प्रमुख. भिंतीला तडा दिसला की आधी त्यावर तळहात ठेवायचे, मग घरातल्या म्हातारीला विचारायचे, "मावशी, ही भेग कधीची?" आणि आम्हाला सांगायचे, "यंत्र मागाहून लावा. आधी मावशी काय म्हणते ते लिहा." कामावर आलेल्या परदेशी सल्लागाराशेजारी तर त्यांनी आम्हाला पाळीपाळीने बसवलंच होतं. "हा विमानाने जाईल, जाताना डोकंही घेऊन जाईल. त्याआधी उतरवून घ्या!" पोरं जेवतानासुद्धा प्रश्न विचारतात, अशी त्या बिचाऱ्याने तक्रार केली, तर सर म्हणाले, "त्याला जेवायला जास्त वेळ द्या. प्रश्न कमी होणार नाहीत."

दर बुधवारी सकाळी ते जाहीर करायचे, "आज मी नाही, असं समजा," आणि समोरच्या इराण्याच्या हॉटेलात जाऊन आमच्याच खिडकीकडे बघत बसायचे. अशाच एका बुधवारी ठाकूरद्वारच्या एका घराचा खांब खचू लागल्याचं मापात दिसलं. मी घाबरून सरांना फोन केला. पलीकडून त्यांचाच शांत आवाज आला, "सर वारले. त्यांच्यानंतर कोण?" त्यांच्यानंतर मी होते. मी खोदकाम थांबवायची चिठ्ठी लिहिली, तीन बिऱ्हाडं खाली उतरवली. संध्याकाळी सर आले. शाबासकी नाही, काही नाही. "कुठल्या मापावर थांबवलंस? लिहून ठेवलंस ना? उद्या तूही नसशील."

रेल्वे सुरू झाली, सर निवृत्त झाले, आणि काम संपलं म्हणून कक्षही बंद झाला. सहा जण सहा खात्यांत गेलो. आमच्या मापांच्या वह्या गोदामात गेल्या आणि मी जुन्या कपाटांच्या याद्या करू लागले. तोवर सरांनी अंथरूण धरलं होतं. परळहून मी दर रविवारी त्यांना भेटायला जायची. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "कक्ष काय म्हणतोय गं?" माझ्याच्याने खरं बोलवेना.

"जोरात चाललाय, सर. नव्या मार्गाची मापं घेतोय."

मग दर रविवारी बसमध्ये बसून मी खोटी मापं रचू लागले. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच उठून बसायला बघायचे. "भरावाच्या मातीत एवढंच खचलं? शक्य नाही. पुन्हा मोजा." पुढच्या रविवारी मी पुन्हा मोजून जायची.

सर गेले तेव्हा शिवडीच्या दफनभूमीत आम्ही सहाही जण कितीतरी दिवसांनी एकत्र उभे होतो. त्यांच्या बायकोने मला बाजूला घेऊन माझा हात धरला.

"बाय, त्यांना ठाऊक होतं गं. तुमच्या बदल्यांचं त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

मला मान वर करवेना. "मग बोलले का नाहीत?"

"मीपण विचारलं. तर म्हणाले, पोरगी आठवडाभर मनात माती मोजते आणि रविवारी येऊन सांगते. एवढा तरी कक्ष चालू राहू दे."