घेतली रे घेतली!

हे करुणाकरा, सागर घुसळून वारुणीही तूच काढलीस आणि अमृतही तूच. पण एक टाकून दुसरे धरणाऱ्याला ओळखण्याची दृष्टी लोकांना द्यायची मात्र राहून गेली! तुझ्या चरणी मस्तक ठेवून तिवस्याजवळच्या पुंजाजी गाडीवानाची कथा सांगतो.

पुंजाजीने दारू सोडली ती १९५१च्या पोळ्याला. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून त्यांना जेवणाचे निमंत्रण देतात. पुंजाजीने चोळले, पण बैलाच्या नव्हे, ओसरीवर निजलेल्या सासऱ्यांच्या खांद्याला! वर हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सासरे दुसऱ्या दिवशी पानावर बसले आणि म्हणाले, "जावाईबुवा, शिंगं रंगवाचे राह्यले ना!"

त्या लाजेने जी सुटली ती सुटलीच. अकरा वर्षे झाली. पुंजाजी दारू विसरला. गाव विसरले नाही. तो हसला, की घेतली. गप्प बसला, की जास्त घेतली. भजनात डोलला, तर विचारायलाच नको! नुसता शिंकला तरी शेजारचा जानराव नाक पुढे करी.

पुढे लेक जमुनाला अकोल्याचे स्थळ आले. मुलगी पसंत होती. मुलाचे मामा महादेवराव येणार होते ते बाप पाहायला. आधीची दोन स्थळे 'बाप घेतो' एवढ्यावरच परतली होती. बायको मनकर्णा म्हणाली, "आज फक्त सरळ चाला जी. बाकी देव पाहून घेईन."

देवाने पाहिले! ऐन माघात अवकाळी सर आली. काळी माती ती. जोड्यांना चिकटून एकेक पाय पायलीएवढा झाला. फाट्यावरून मामांना घेऊन पुंजाजी निघाला, तो दोघेही डुलत! मामा कलले, पुंजाजीने सावरले. पुंजाजी कलला, मामांनी त्याच्या गळ्यात हात टाकला.

पारावरून जानराव ओरडला, "घेतली रे घेतली! पुंजाजीनं अन् त्याच्या पाव्हन्यानंबी!"

मामा थबकले. जन्मात चहासुद्धा न घेतलेला माणूस! "कोनं घेतली? म्या?"

"रागावू नका, मामा," पुंजाजी हळूच म्हणाला. "सोडली तवापासून मले असंच म्हनून राह्यले."

"अन् सोडाच्या आधी?"

"आधी घेतच होतो. तवा कोनी काही म्हने नाही."

मामांनी एक पाय मोठ्या कष्टाने चिखलातून उपटला आणि पाराकडे वळून गर्जना केली, "हो, घेतली! या पुंजाजीची पोरगी आमी सून करून घेतली! काय म्हननं हाये?"

खात्री करायला जानराव नाक सरसावून खाली उतरला, आणि चौथ्या पावलाला सपशेल आडवा झाला. उचलायला पुंजाजीच धावला.

भगवंता, पुंजाजीचा पेला कोरडा राहो, मनकर्णेची चूल पेटती राहो, जमुनेची दोन्ही घरे भरलेली राहोत. आणि त्या वृद्ध सासऱ्यांना दर पोळ्याला जेवणाचे आवतण मिळो, पण माणूस म्हणून!