जसोदाबाईंची मधली गाडी

खापरच्या बाजारात जसोदाबाईंशी भावावरून हुज्जत घालायची हिंमत फारसं कोणी करत नाही. केलीच तर सकाळ गेली असं समजायचं. आमचुराची फोड त्या नुसती हातात घेऊन सांगतात, ही पहिल्या उन्हात सुकली, ही ढगाळ दिवसात, आणि ही बाबा तू रात्री बाहेर विसरलास. समोरचा भाव उतरवतो, कारण तो खरंच विसरलेला असतो.

त्यांचं माहेर प्रकाशा गावचं. बापाची तापीकाठची केळी आणि ऊस, घरात ट्रॅक्टर होता आणि भाऊ नव्हता, त्यामुळे सोळाव्या वर्षी पोरगी ट्रॅक्टरवर बसली. गावाने नाकं मुरडली. बाप म्हणाला, नाकं मुरडणाऱ्यांनी येऊन नांगरून द्यावं. एकही आला नाही! लग्न होऊन त्या खापरला चुनीलालांच्या घरी आल्या. घरचा धंदा आमचुराचा. डोंगरातल्या बायका कैऱ्या सोलून, फोडी करून खडकावर वाळवतात, तो माल घ्यायचा आणि पुढे पाठवायचा. चुनीलालांचे गुडघे गेले आणि ते दुकानाच्या गादीला चिकटले. तेव्हापासून डोंगराची खरेदी बाई एकट्या करतात. आज त्या चोपन्नच्या आहेत आणि अजून कोणाला दमलेल्या दिसलेल्या नाहीत.

खरेदीची रीत ठरलेली होती. भाड्याचा टेम्पो डांबरी रस्ता संपतो तिथवर जायचा. तिथे झाडाला काटा टांगायचा. वरच्या उंबरपाड्यातून बाया डोक्यावर गोण्या घेऊन सहा किलोमीटर उतरायच्या, माल तोलून द्यायच्या आणि मीठ-तेल घेऊन परत चढायच्या. तीस वर्षं हेच चाललं. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, जसोदाबाईंनाही नाही. हे त्या स्वतःच सांगतात, लपवत नाहीत.

मागच्या वर्षी मे महिन्यात त्या काट्याशी बसल्या असताना वरून बाया यायच्या आधी बांबूची झोळी आली. चौघांच्या खांद्यावर, आणि झोळीत रूमली. पाड्यातल्या नवलसिंगची बायको, सगळ्या पाड्यात सर्वांत पांढरं आमचूर करणारी. गोणीसकट उतारावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. झोळी टेम्पोत चढवून दवाखान्याकडे रवाना केली. मागोमाग बाया आल्या, त्यांतल्या एकीच्या डोक्यावर रूमलीची गोणी. माल तर विकायलाच हवा ना! जसोदाबाईंनी ती गोणी तोलली, पैसे दिले, आणि मग त्यांना आपल्याच हाताची किळस आली.

तिथेच उभ्या राहून त्या सगळ्यांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमचा माल मी तुमच्या अंगणातून उचलीन."

बाया हसल्या. चांगलं हसल्या, टिंगल नव्हती त्यात. निवडणुकीत येणाऱ्या माणसांकडे बघून हसतात ना, तसंच हसल्या. ते हसू बाईंच्या जिव्हारी लागलं. वर्षभर घरात दुसरा विषय नव्हता. डोंगर चढणारी गाडी घ्यायची. त्या घरातली पहिली चारचाकी, आणि तीही पिकअप.

"धीरजनी माय, तुले गाडी पाहिजे का विमान?" चुनीलाल गादीवरून विचारायचे.

"माले चढ चढाले पाहिजे," बाई म्हणायच्या. "उडनी नही तरी चालस."

धीरज म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतेला एका कंपनीत नोकरीला. तो सुट्टी काढून आला आणि मोबाइलवर तीन गाड्या दाखवू लागला. कंपनी एकच, गाडी एकच, पण अवतार तीन. साधी, मधली आणि टॉप. साधीला मागचा हौदा सगळ्यात लांब, पण ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. मधलीला चारही चाकांना ताकद, हौदा जरा आखूड, आणि आत काही म्हणता काही नाही. काचासुद्धा हाताने फिरवायच्या. टॉपला चार दारं, केवढा तरी स्क्रीन, चकचकीत चाकं, मागचं दाखवणारा कॅमेरा, चढायला पायरी. हौदा मात्र एवढासा.

धीरजचा जीव टॉपवर. "माय, एकदाच घ्यायची, तर लोकांनी बघत राहावं अशी घे." चुनीलालांचा जीव साधीवर. "हौदा लांब तर माल जास्त. आपण व्यापारी माणसं, आपल्याला टीव्ही बघायचा नाही गाडीत."

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि नवलसिंगला निरोप धाडला. "बुधवारी नंदुरबारला चल. रस्ता तुझा आहे, तेव्हा गाडी तू बघ."

शोरूममध्ये नवनीत नावाचा तरतरीत पोरगा होता, इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. त्याने तिघांना थंड पाणी दिलं आणि थेट धीरजशी बोलायला लागला. धीरजने बोटाने आईकडे दाखवलं. नवनीतने मान वळवली, दोन वाक्यं बोलला आणि पुन्हा धीरजकडे वळला. असं तीनदा झालं. बाईंनी होऊ दिलं. बाजारात बसणाऱ्या बाईला कोणाला किती सैल सोडायचं ते कळतं.

तेवढ्यात नवलसिंग दिसेना. बघतात तर तो टॉप गाडीखाली फरशीवर उताणा पडलेला, नुसते पाय बाहेर.

"हाई काय करी ऱ्हायना हाऊ?" नवनीत घाबरून घरच्या बोलीवर आला.

नवलसिंग वीत लावून मोजत होता. एकेका गाडीखाली शिरायचा, जमिनीपासून वर पंजा ताणायचा. बाहेर येऊन त्याने अंग झटकलं आणि बाईंना सांगितलं, "हिची पायरी खाली लोंबते. आमच्या तिसऱ्या वळणाला खडक आहे, तिथे पायरी जाईल. मधलीला पायरीच नाही. वीत आणि वर दोन बोटं. ती जाईल."

नवनीतने माहितीपत्रक उघडून मिलिमीटर दाखवले. नवलसिंगने आपला पंजा दाखवला. बाईंनी पंजावर विश्वास ठेवला.

मग नवनीत साधीकडे वळला. बाराशे किलो सहज उचलते, चढावरसुद्धा, असं तो छातीठोक म्हणाला. बाई पहिल्यांदा हसल्या. "बाळा, सगळे माल भरून चढतात आणि रिकामे उतरतात. माझं उलटं आहे. मी रिकामी चढणार आणि भरून उतरणार. रिकामी गाडी मागून हलकी. मागची दोन चाकं मुरमात नुसती गरगरतील. काय करू तुझ्या बाराशे किलोचं?"

नवनीतने माहितीपत्रक मिटलं. खरं तर हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"मधली चालवून दाखव," बाई म्हणाल्या. त्याने सांगितलं, चालवायला टॉपच आहे, मधलीही अगदी अशीच चालते.

"वा रे वा! थोरली दाखवायची आणि धाकटी बोहल्यावर उभी करायची?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. नवनीतचे कान लाल झाले. मागे आवारात मधलीची एक डेमो गाडी होती खरी, धूळ खात उभी, कारण ती कोणी मागतच नव्हतं. ती काढली. नवनीत म्हणाला, हायवेवर एक चक्कर मारू. बाईंनी आवारापलीकडे चाललेलं बांधकाम बघितलं. तिथे मुरमाचा ढीग होता, दोन पुरुष उंचीचा.

"चालवणार कोण?" त्याने विचारलं.

"मीच चालवसू," असं म्हणत त्या पदर खोचून आत बसल्यासुद्धा.

आधी साध्या गिअरवर नेली. ढिगाच्या मध्यावर मागची चाकं फिरू लागली, मुरूम उडाला, गाडी जागच्या जागी खणत राहिली. नवनीतने डोळे मिटले. बाईंनी गाडी मागे घेतली आणि गिअरजवळची दुसरी छोटी दांडी चाचपली. "हिचं काय?" नवनीत काहीतरी इंग्रजी पाठ केलेलं बोलू लागला. बाईंनी क्लच दाबून दांडी ओढली, गाडी बोटभर पुढे सरकवली आणि एकदम मोठ्याने ओरडल्या, "अरे, हाई तं ट्रॅक्टरनं लो-हाय शे!"

मग काय विचारता! संथ पण जोराच्या त्या गिअरशी चाळीस वर्षांची ओळख निघाली. गाडी मुंगीच्या पावलाने ढिगावर चढली, माथ्यावर थांबली आणि ब्रेकला पायही न लावता तशीच सावकाश पलीकडे उतरली. बांधकामावरचे मजूर टाळ्या वाजवायला लागले. टॉपवाला स्क्रीन विसरून धीरज आईकडे बघत राहिला. आपल्या आईला हे येतं हे त्याला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. नवनीत त्यानंतर एकही वाक्य धीरजशी बोलला नाही. पुढचं सगळं "मावशी, मावशी" करत.

गाडी घरी आली. चुनीलाल काठी टेकत बाहेर आले, हाताने फिरणारी काच दोनदा वर-खाली केली आणि म्हणाले, "चला, बिघडायला यात काही नाही." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे आरतीच.

मे महिना आला. बाईंनी पाड्यावर निरोप धाडला, सोमवारी येते. धीरज मुद्दाम सुरतेहून आला. पहाटेच निघाले. आणि डांबरी रस्ता संपला तिथे बघतात तर झाडाखाली सतरा बाया, सतरा गोण्या. सगळ्या वरून डोक्यावर माल घेऊन उतरलेल्या!

जसोदाबाईंनी गाडी थांबवली. स्टिअरिंग धरून तशाच बसल्या. वर्षभराची धडपड, घरातली भांडणं, तो मुरमाचा ढीग, आणि या बायांनी काहीच खरं धरलं नव्हतं. राग त्यांना बायांचा आला नाही. आपल्या शब्दाची एवढीच किंमत होती, याचा आला.

एक बाई ओशाळून पुढे आली. "तू येशील हे माहीत होतं बाई. पण वर येशील असं कोण धरून चालतं?"

"रूमली कुठे?"

"वर. तिला उतरवत नाही. दोन गोण्या घेऊन अंगणात बसलीय. म्हणाली, बाई येईल. आम्ही हसलो."

धीरज काटा काढू लागला. "माय, आलाच आहे माल तर इथेच तोलू. रूमलीबाईंच्या दोन गोण्या आणेल कोणीतरी."

"कोण आणेल?"

धीरजने त्या सतरा बायांकडे बघितलं आणि काटा परत ठेवला.

"टाका सगळ्या गोण्या गाडीत," बाई म्हणाल्या. "वर जायचंय."

बाया हसायलाच लागल्या. उतरवलेला माल पुन्हा डोंगरावर? बाईचं डोकं फिरलं का? पण गोण्या चढल्या. सगळ्यात म्हातारी होती तिला पुढच्या सीटवर बसवलं. बाकीच्या पाऊलवाटेने निघाल्या, आणि धीरजही त्यांच्यासोबत पायी.

वाटेवर नवलसिंग पहार घेऊन उभा होता. त्याने एकट्याने चार दिवस खपून वळणावरचे दगड फोडले होते. त्याचे हात सोलून निघालेले. गाडीपुढे उलटा चालत तो हाताने खुणा करत राहिला, डावं, थोडं डावं, आता सरळ. बाईंनी छोटी दांडी ओढलेली. इंजिन घुमत होतं, म्हातारी डोळे मिटून आपल्या देवांची नावं घेत होती. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक क्षणभर हवेत राहिलं. बाईंनी स्टिअरिंग सरळच धरून ठेवलं. चाक टेकलं, आणि गाडी वर आली.

रूमली अंगणात बसली होती, बाजूला काठी. दोन गोण्या, आणि समोर ताजी सारवलेली जागा. ती उठली नाही, हात जोडले नाहीत.

"काटा त्या मोहाला लाव," ती म्हणाली. "फांदी मजबूत आहे. मी बघून ठेवलीय."

काटा लागला. पाऊलवाटेने बाया येऊन पोचल्या आणि गोल करून उभ्या राहिल्या. हंगामातलं पहिलं माप घेताना आपल्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तीस वर्षं हा लाभ डांबरी रस्त्यावर मोजला गेला. रूमलीची गोणी हुकाला अडकली. जसोदाबाईंनी "लाभ" म्हटलं, पण काट्यावरचा आकडा त्यांना दिसेना, तो धीरजने वाचला.

पुढचा नंबर होता खाली ओशाळलेल्या त्या बाईचा. तिची गोणी गाडीतून काढून धीरजने काट्याकडे आणली. ती पुढे झाली आणि तिने त्याच्या हातातून गोणी घेतली.

"इथे नाही," ती म्हणाली. "बाई म्हणाली होती, तुमच्या अंगणातून. माझं अंगण पलीकडे आहे."

ती गोणी कडेवर घेऊन आपल्या घराकडे चालू लागली. बघता बघता दुसरीनेही आपली गोणी ओढली, मग तिसरीने. लांब लांब पसरलेली ती घरं, एक या टेकाडावर, एक त्या.

"माय," धीरज हळूच म्हणाला, "सतरा अंगणं?"

जसोदाबाईंनी मोहावरचा काटा सोडवून त्याच्या खांद्यावर दिला, आणि गाडी सुरू केली.